आभासी प्रोसेसर : मर्यादा आणि नियोजन

सन्माननीय देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : नोंदणी संथ होते, तेव्हा सॉफ्टवेअरमधूनच प्रोसेसर वाढविता येत नाहीत का? त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

परळ-लालबागच्या दाट वस्तीत जागा मोलाची. त्यामुळे नोंदणी, रक्ततपासणी व औषधभांडार यांसाठी स्वतंत्र संगणक न घेता एकाच सर्व्हरवर तीन ‘आभासी यंत्रे’ चालविणे सोयीचे ठरते. त्यासाठीचे ‘क्यूईएमयू’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. २००७ मध्ये लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ची भर पडल्यावर अशी यंत्रे जवळपास खऱ्या यंत्राच्या वेगाने चालू लागली.

आभासी यंत्रास किती प्रोसेसर द्यावेत, यास दोन मर्यादा आहेत. पहिली क्रमांकाची. केसपेपरवर क्रमांकासाठी दोनच चौकटी असतील, तर शंभरांहून अधिक रुग्णांस क्रमांक देता येणार नाहीत. जुन्या रचनेत प्रोसेसरच्या ओळखीसाठी आठ बिट होते. त्यांतून २५६ क्रमांक होतात. पैकी एक सर्वांस एकत्रित संदेश देण्यासाठी राखीव, म्हणून मर्यादा २५५. ‘क्यू-३५’ रचनेत ३२ बिटांच्या ओळखक्रमांकामुळे ती २०१६ मध्ये २८८ आणि २०२४ मध्ये ४०९६ झाली.

दुसरी मर्यादा प्रत्यक्ष यंत्राची. रुग्णालयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. समजा, सर्व्हरमध्ये आठ प्रोसेसर आहेत. एका आभासी यंत्रास सोळा दिले, तरी ते त्या आठांवरच आळीपाळीने चालतात. गिरगावच्या चाळीत नळापुढे हंडे वाढविल्याने पाणी वाढत नाही, तसेच हे. उलट, काम अर्धवट धरून थांबलेल्या एका आभासी प्रोसेसरपायी बाकीचे खोळंबतात. तिन्ही यंत्रांच्या प्रोसेसरांची बेरीज आठांहून थोडी अधिक झाल्यास चालते, कारण सर्वांची गर्दी एकाच वेळी होत नाही. मात्र सकाळी ती झाली, तर रक्ताचा अहवाल लांबतो आणि रुग्णाचे उपचारही.

म्हणून प्रत्येक यंत्रास गरजेपुरतेच प्रोसेसर द्यावेत, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत हिशेबाची मोठी कामे चालवू नयेत, आणि एवढे करूनही क्षमता अपुरी पडली तरच नवा सर्व्हर घ्यावा, असे आमचे धोरण आहे. आपल्या देणगीचा विनियोग रुग्णास प्रत्यक्ष उपयोगी पडेल अशाच खरेदीवर व्हावा, हाच त्यामागील हेतू होय.