उपासनेसाठी नवे गीत रचणाऱ्यांस

पाश्चात्त्य स्तोत्रांची भाषांतरे मूळ चालीवरच म्हणवून घेण्याचा परिपाठ मिशनच्या अमदानीत बराच रूढ होता. शब्द मराठी, पण आघात परका, त्यामुळे ऱ्हस्व अक्षरे ताणली जात आणि दीर्घ अक्षरे गुदमरत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांचा वारसा न टाकता अभंग, ओवी व भजन यांतून ख्रिस्तभक्ती गायिली, आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या ग्रंथात ती पदे आजही मानाने नांदत आहेत. मोठ्या अभंगाची बांधणीच पाहा: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक, त्या आखूड चरणापाशी मंडळीला श्वास घ्यायला आपसूक फुरसत मिळते, आणि ज्यास वाचता येत नाही तोही यमकाच्या आधाराने पुढचा शब्द हेरतो. (एकट्या गवयाला शोभणाऱ्या हरकती येथे निव्वळ उपद्रव होत, हे माझे स्पष्ट मत.) तेव्हा नवी चाल बांधणाऱ्या मित्रांनी ती एका सप्तकाच्या फार बाहेर नेऊ नये, ध्रुवपद दोन ओळींत आटोपावे, आणि पेटी-तबल्यावर बसविण्यापूर्वी ती मंडळीतील वृद्धांकडून वाद्याविना एकदा म्हणवून पाहावी.