आनंदघन नावाचा पडदा

काशीदसारख्या किनाऱ्यांवरील पारंपरिक कोळीगीतांचे कर्ते कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाहीत. त्यांचे अनामपण परंपरेतूनच आलेले आहे; परंतु आज स्वेच्छेने नाव व चेहरा झाकून आंतरजालावर श्रोते जोडू पाहणाऱ्या गायकाने, माझ्या मते, लता मंगेशकरांचे उदाहरण प्रथम अभ्यासावे. ‘महल’ चित्रपटाच्या (१९४९) ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापलेले होते, आणि श्रोत्यांच्या पत्रांतून पृच्छा होऊ लागल्यावर आकाशवाणीला खरे नाव जाहीर करावे लागले. पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी स्वेच्छेने ‘आनंदघन’ हे नाव धारण करून ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘साधी माणसं’ (१९६५) आदी चित्रपटांना संगीत दिले – हा निग्रह मला त्यांच्या गायनाइतकाच थोर वाटतो – आणि राज्य पुरस्कारासाठी ते नाव पुकारले गेले तेव्हाही त्या आसनावरून उठल्या नाहीत. अखेर गुपित आयोजकांकडूनच उघड झाले.