मॅगझिन : एका शब्दाचा लांबचा प्रवास

दर महिन्याला घरी येणाऱ्या या अंकाला आपण मासिक म्हणतो. घरातली वडीलधारी मंडळी त्यालाच रिसाला म्हणतात आणि कॉलेजात जाणारी मुले मॅगझिन म्हणतात. तिन्ही शब्द बरोबरच. पण यातला शेवटचा शब्द इंग्रजांनी दिला असे आपण समजतो, ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला, मात्र तो जन्माने इंग्रज नाही. तो अरबी आहे आणि त्याची सख्खी भावंडे आपल्या मराठीत इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून तयार होतात. खे, जे आणि नून या तीन अक्षरांच्या मुळाचा अर्थ आहे साठवणे. त्यापासून झालेला 'खिजाना' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि खजिना झाला. संस्थेचा खजिनदार आणि जुन्या पेढीवरचा खजानची हे त्याच घरचे. कुरआनमध्ये हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) मिसर देशाच्या कोठारांची जबाबदारी मागतात, तिथेही याच मुळाचा 'खजाइन' हा शब्द आला आहे. याच मुळापासून झालेला 'मखजन' म्हणजे साठवण्याची जागा. त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. आपल्या गोष्टीचा नायक तो हा.

मध्ययुगात इटलीचे व्यापारी इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत माल घेऊन जात. जहाजातून उतरलेला माल गोदामात ठेवावा लागे आणि गोदामाला तिथे जे नाव होते, तेच त्यांनी उचलले. इटालियनमध्ये 'मागाद्झीनो' म्हणजे आजही गोदाम. फ्रान्सच्या मार्सेय बंदरातल्या लॅटिन कागदपत्रांतही हा शब्द १३ व्या शतकातच आढळतो. म्हणजे हा शब्द युरोपात नेला तो जहाजावरच्या आणि धक्क्यावरच्या व्यापारी माणसांनी.

स्पेनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे अरबी ही शेकडो वर्षे बोलली जाणारी भाषा होती. त्यामुळे शब्द आला तो आपल्या 'अल' या उपपदासह. स्पॅनिशमध्ये तो 'अल्मासेन' झाला, तर शेजारच्या पोर्तुगीजमध्ये 'अर्माझें'. दोन्हींचा अर्थ गोदाम. पुढे स्पॅनिश भाषा समुद्र ओलांडून गेली आणि अर्जेंटिनात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही अल्मासेन म्हणू लागले.

फ्रेंचांनी गोदामाचे दार गिऱ्हाइकांसाठी उघडले म्हणायचे. त्यांच्या 'मागाझां'चा रोजचा अर्थ दुकान. रशियातही 'मागाझिन' म्हणजे दुकानच. मॉस्कोत कुणी मागाझिनला जाऊन येतो म्हणाला, तर तो भाजी-पाव आणायला निघाला असे समजावे. ग्रीक लोक दुकानाला 'मागाझी' म्हणतात. डच भाषेत मात्र गोदाम हाच अर्थ राहिला. जर्मन ग्रंथालयात ज्या बंद दालनात पुस्तके रचून ठेवतात, त्याला 'मागाझीन' म्हणतात.

तुर्की भाषेची गंमत तर और आहे. तिथे हा एकच शब्द तीन वेळा आला. अरबीतून थेट आलेला 'माहझेन' म्हणजे तळघर. युरोप फिरून परत आलेला 'माआझा' म्हणजे दुकान. आणि अलीकडे आलेला 'मागाझिन' म्हणजे नटनट्यांच्या खबरा. एकाच आईची तीन लेकरे, पण आता एकमेकांना ओळखतही नाहीत.

इंग्रजीत या शब्दाने दोन वाटा धरल्या. पहिली लढाईची. मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार आणि पुढे बंदुकीत गोळ्या भरायची पेटी. याच अर्थाने तो आधी हिंदुस्थानात आला. ११ मे १८५७ रोजी दिल्लीचे मॅगझिन बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच उडवून दिले. त्याचे उरलेले दरवाजे काश्मिरी गेटजवळ उभे आहेत. अजमेरला जियारतीसाठी जाणाऱ्यांना तिथला अकबराचा किल्ला ठाऊक असेल. इंग्रजांनी तिथे शस्त्रसाठा ठेवला, म्हणून त्याला आजही मॅगझिन म्हणतात. आणि मुंबईत रे रोडच्या पूर्वेला दारूखाना आहे, तिथल्या एका रस्त्याचे नाव मॅगझिन स्ट्रीट. दोन नावे, अर्थ एकच.

दुसरी वाट ज्ञानाची. उपयुक्त माहिती साठवलेल्या पुस्तकालाही इंग्रज मॅगझिन म्हणू लागले. १६६९ मध्ये दर्यावर्दींसाठी निघालेल्या एका जाड ग्रंथाचे नाव 'मरिनर्स मॅगझिन' होते. मग १७३१ मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्ह यांनी 'जंटलमन्स मॅगझिन' नावाचे मासिक काढले. ठिकठिकाणचे वाचनीय लेख, बातम्या, कविता एका जागी साठवायच्या, ही त्यांची कल्पना. कोशकार सॅम्युअल जॉन्सन उमेदीच्या काळात याच मासिकात काम करत. १७५५ च्या आपल्या शब्दकोशात त्यांनी मॅगझिनचा हा नवा अर्थ नोंदवला आणि तो केव्ह यांच्या मासिकावरून रूढ झाल्याचेही सांगितले. हा अर्थ इतका चालला की फ्रेंचांनी तो इंग्रजीतून उलटा घेतला. त्यामुळे फ्रेंचमध्ये आता दुकानासाठी एक आणि नियतकालिकासाठी दुसरा, असे दोन शब्द आहेत.

१९०१ मध्ये लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले, त्याचे नाव 'मखजन'. इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात आली. अरबस्तानातून निघालेला शब्द युरोप पालथा घालून मासिक होऊन परतला, तेव्हा त्याला त्याचे मूळ नाव असे पुन्हा मिळाले.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. आपल्या मुलांची मराठी ऐकून कधी कुणी हसते. त्यात उर्दू फार आहे, ती शुद्ध नाही, असे म्हणते. मुले बिचारी ओशाळतात आणि घरात बोलतात ते शब्द बाहेर गिळून टाकतात. अशा वेळी त्यांना या एका शब्दाची गोष्ट सांगावी. इटालियन, फ्रेंच, रशियन, इंग्रज या सर्वांनी परका शब्द घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे वापरला. त्याने त्यांच्या भाषा बाटल्या नाहीत, श्रीमंत झाल्या. खजिना म्हणणारा मराठी माणूसही तेच करत आला आहे. ज्या शब्दाने आपण जगतो, तो आपलाच.

अशा आणखी जोड्या घरच्यांनी मिळून शोधाव्यात. सुरुवातीला दोन आम्ही देतो. आपला दिवाण आणि जकातनाक्यासाठीचा फ्रेंच 'दुआन' यांचे नाते काय? आणि विजेच्या बिलावरचा टॅरिफ आपल्या 'तारीफ'चा कोण लागतो?