समालोचकाची वाणी

दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना ऐन रंगात आलेला असावा आणि एकाएकी आवाज बंद पडावा, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवला असेल. चित्र तसेच चालू असते. खेळाडू धावत असतात, चेंडू इकडून तिकडे जात असतो. तरीही थोड्याच वेळात आपण अस्वस्थ होतो. पंचाने शिट्टी का वाजवली, खाली पडलेला तो खेळाडू कोण, हे कळेनासे होते. मग ध्यानात येते की, हा सामना आपण एकटे पाहत नव्हतो. कोणीतरी तो आपल्याला उलगडून दाखवीत होता. दाखवणारा, पण स्वतः न दिसणारा, असा हा मनुष्य म्हणजे समालोचक.

समालोचनाची कला वाढली ती नभोवाणीच्या आश्रयाने. १९२७ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये बी. बी. सी. ने खेळांच्या सामन्यांचे धावते वर्णन ऐकवण्यास प्रारंभ केला. हे काम टेडी वेकलॅम या गृहस्थांकडे आले. ते स्वतः रग्बीचे खेळाडू होते. खेळ त्यांना उत्तम कळत होता. परंतु समोर श्रोता नसताना बोलावे कसे? तेव्हा निर्मात्याने एक युक्ती योजली. पहिला सामना रग्बीचा होता. त्या वेळी त्याने एका अंध गृहस्थाला वेकलॅम यांच्यापुढे आणून बसवले. मैदानावर जे घडेल ते या गृहस्थांना समजेल असे सांगा, एवढीच त्याची सूचना होती.

पुढच्याच आठवड्यात, २२ जानेवारी १९२७ रोजी, वेकलॅम यांनी लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल व शेफील्ड युनायटेड या संघांच्या फुटबॉल सामन्याचे वर्णन ऐकवले. श्रोत्यांच्या सोयीसाठी मैदानाचा आराखडा आठ चौकोनांत विभागून नभोवाणीच्या साप्ताहिकात छापलेला होता. चेंडू ज्या चौकोनात जाई, त्याचा क्रमांक दुसरा एक निवेदक उच्चारी. घरी बसलेल्या श्रोत्याला समोरच्या कागदावर चेंडूचा माग काढता येई.

पुढे चित्र आले. १९३८ साली इंग्लंडमधील फुटबॉल संघटनेच्या चषकाचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर संपूर्ण दाखवण्यात आला. प्रेस्टन आणि हडर्सफील्ड या संघांपैकी कोणालाच गोल करता येत नव्हता. जादा वेळही संपत आला. तेव्हा समालोचक टॉमस वुडरूफ बोलून गेले की, आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन! त्यांचे शब्द विरतात न विरतात तोच प्रेस्टनला पेनल्टी मिळाली आणि जॉर्ज मच याने चेंडू जाळ्यात धाडला. वुडरूफ यांनी आपला शब्द पाळला. मात्र त्यांनी खाल्लेली टोपी गोड खाद्यपदार्थाची होती! खेळाच्या पुढे धावू पाहणाऱ्या जिभेला खेळच कसा ताळ्यावर आणतो, हे या गोष्टीवरून दिसते.

चित्र आल्यामुळे समालोचकाचे काम सोपे झाले असे कोणास वाटेल. वस्तुतः ते अधिक अवघड झाले. नभोवाणीवर समालोचक थांबला की श्रोत्यापुढे अंधार पसरे. म्हणून त्याला सतत बोलावे लागे. दूरचित्रवाणीवर प्रेक्षकाला चेंडू दिसतच असतो. चेंडू उजवीकडे गेला, असे सांगणाऱ्याने त्याला काय दिले? चांगला समालोचक दिसते त्याचे कारण सांगतो, आणि दिसत नाही त्याकडे लक्ष वेधतो. कॅमेरा बहुधा चेंडूमागे फिरतो. परंतु गोलाची सुरुवात पुष्कळदा चेंडूपासून दूर झालेली असते. एखादा आघाडीचा खेळाडू रिकाम्या जागी धावतो, बचाव करणारा त्याच्यामागे ओढला जातो, आणि त्याने सोडलेल्या वाटेने दुसराच कोणी आत शिरतो. हे एका वाक्यात सांगितले, तर पाहणाऱ्याची दृष्टी वाढते.

समालोचकाच्या अंगी सत्यनिष्ठा हवी. ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. बी. बी. सी. चे समालोचक होते केनेथ वुल्स्टनहोम. दुसऱ्या महायुद्धात हेच गृहस्थ बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते आणि जर्मनीवरील मोहिमांत त्यांनी प्राण पणाला लावले होते. असे असूनही त्यांच्या वर्णनात वैराचा स्वर उमटला नाही. जादा वेळात जेफ हर्स्ट याने मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून खाली आला. त्याने रेषा ओलांडली की नाही? पंच रेषापंचाकडे विचारायला गेला. काय ठरणार हे समालोचकालाही कळत नव्हते. आणि आपल्याला ते कळत नाही, हे त्यांनी लपवले नाही. निर्णय इंग्लंडच्या बाजूने लागला. तो गोल खरा होता काय, हा वाद पुढेही चालूच राहिला.

अखेरच्या क्षणी काही प्रेक्षक मैदानात धावत आले. सामना संपला असे त्यांना वाटते आहे, असे वुल्स्टनहोम म्हणत आहेत, तोच हर्स्टने आणखी एक गोल केला, आणि ते उद्गारले, "आता संपला!" हे साधे शब्द इंग्लंडमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्यांत अलंकार नाही, आरडाओरडा नाही. जे दिसले तेच, ते घडले त्याच क्षणी सांगितले आहे.

याउलट, काही समालोचक प्रत्येक फटक्याला अद्भुत म्हणतात; मग खरोखर अद्भुत असे काही घडले, तर त्यांच्याजवळ शब्दच उरत नाही. काही जण आपल्या आवडत्या संघाची चूक झाकतात. काहींना क्षणभरही गप्प राहवत नाही. गोल झाल्यावर मैदानावर उसळणारा जयघोष किंवा पराभूत गोलरक्षकाची खाली झुकलेली मान पुरेसे बोलत असते. तेथे मौन पाळणे हीदेखील समालोचकाची वाणीच होय.

आज काही देशांतील मैदानांवर अंध प्रेक्षकांसाठी स्वतंत्र वर्णनाची सोय असते. कानाला लावलेल्या यंत्रातून ते सामना ऐकतात आणि भोवतालच्या हजारोंबरोबर आनंदाने उठून उभे राहतात. शाळेतला सामना पाहून तुम्ही घरी येता, आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा विचारतात, "काय झाले रे आज?" तेव्हा तुम्हीही समालोचकच असता. आपला संघ हरला असेल, तरी जसे घडले तसे सांगा. त्यांच्याजवळ मैदान पाहण्यासाठी तुमच्या शब्दांवाचून दुसरे साधन नाही.