घरच्या लहान कुत्र्याचा समतोल आहार

गाईची ढेप आपण मोजून देतो. दारातल्या कुत्र्याला मात्र अंदाजाने घालतो. मोठ्या गावठी कुत्र्याचे त्यावर निभते. परंतु नागपूर भागात अनेक घरी असणाऱ्या पॉमेरियनसारख्या लहान कुत्र्याच्या बाबतीत हा अंदाज चुकतो आणि "आमचा कुत्रा काही खातच नाही" ही तक्रार सुरू होते.

गरज किती?

पाच किलो वजनाच्या, पूर्ण वाढलेल्या निरोगी कुत्र्यास दिवसाला साधारण ३५० किलोकॅलरी ऊर्जा पुरते. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० किलोकॅलरी असतात. लहान ग्लुकोज बिस्किटात सुमारे २० असतात. चहाच्या वेळी घरातील चौघांनी दोन-दोन बिस्किटे घातली, की जवळजवळ निम्मी गरज तिथेच भागते. मग कुत्रा ताटलीला तोंड लावत नाही. यात नखरा कमी व हिशेबाची चूक जास्त असते. म्हणून आहार बदलण्यापूर्वी आठ दिवस वरचे खाणे पूर्ण बंद करून पाहावे.

नमुना आहार (दिवसाचा, ५ किलो वजनासाठी)

• तांदूळ किंवा ज्वारीचे पीठ : ४० ग्रॅम, मऊ शिजवून
• बिनहाडाची कोंबडी : १०० ग्रॅम, किंवा उकडलेली २ अंडी
• लाल भोपळा किंवा गाजर : ३० ग्रॅम, शिजवून
• तेल : १ चहाचा चमचा
• अंड्याच्या उकळून वाळवलेल्या कवचाची बारीक पूड : पाव चमचा

भाकरी व मांसात कॅल्शियम फार कमी असते, ते कवचातून मिळते. इतर खनिजे व जीवनसत्त्वांसाठी योग्य पूरक पशुवैद्यकास विचारून द्यावे.

कसे द्यावे?

सर्व जिन्नस कालवून एकजीव करावेत, म्हणजे मांस वेचून खाता येत नाही. कोमट अन्नाचा वास येतो, त्यामुळे कुत्रा लवकर खातो. दिवसातून दोन वेळा द्यावे व वीस मिनिटांनी ताटली उचलावी. नवा आहार आठवडाभरात हळूहळू वाढवावा. मे महिन्याच्या उन्हात भूक मंदावते. तेव्हा पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावे. पाणी सदैव ठेवावे.

काय टाळावे?

उरलेला सावजी रस्सा भाकरीवर ओतून देऊ नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्यानेही तो दोष जात नाही. द्राक्षे, मनुका, चॉकलेट व शिजवलेली हाडे देऊ नयेत. दुधाने अनेक कुत्र्यांना हगवण लागते.

नखरा नव्हे, आजार

नेहमी खाणाऱ्या कुत्र्याने एक दिवस अन्न सोडले, किंवा सोबत उलटी, ताप, फिकट हिरड्या दिसल्या, तर वाट पाहू नये. गोचीड ताप, जंत व दुखरे दात यांमुळेही भूक जाते. लहान पिलांच्या रक्तातील साखर उपाशीपोटी झपाट्याने घटते. त्यांना काही तासही थांबू नये. शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले असल्यास ते पशुवैद्यकास आधी सांगावे. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९५८) येथे दाखवावे.

माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आम्ही कृषिविद्येत शिकवतो. येथेही तेच आहे. कुत्र्याचे वजन करावे, वरचे खाणे मोजावे आणि मगच ताटली भरावी.