उन्हात लिंबाचं तेल नको

येवल्यात एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी चालते, तेव्हा ऊन नुसतं सोलून काढतं. गेल्या वर्षी मी खोबरेल तेलात लिंबाच्या सुगंधी तेलाचे थेंब टाकले, हातांना चोळलं आणि वावरात गेले. दोन दिवसांनी मनगटावर तेल ओघळल्यासारखे लाल पट्टे उठले, आग आग झाली. मग ते काळपट पडले आणि कित्येक महिने गेले नाहीत.

कारण नंतर समजलं. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या, बर्गमॉटच्या तेलात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. उन्हातले अतिनील किरण पडले की ती चेततात आणि कातडी भाजते. आपल्या बावचीतलं सोरालेन याच कुळातलं. कोडावर बावची लावून ऊन देतात, ते त्याच्याच जोरावर. जे वैद्याने मोजून द्यायचं, ते अंदाजाने कसं चोळावं?

वाफेवर काढलेल्या तेलात ही द्रव्यं जवळजवळ नसतात. पण उन्हापासून भरवशाचं रक्षण कुठलंच सुगंधी तेल करत नाही. बायांनो, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा आणि साडीवरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडू नका.