काळ्या पट्टीची राखण

बसा रे जवळ. आज मेंदूतल्या एका काळ्या पट्टीची गोष्ट सांगतो.

मेंदूचा मधला भाग आडवा कापला, तर नुसत्या डोळ्यांनाही दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टी दिसते. तिथल्या चेतापेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि वय वाढेल तसं त्यांच्यात काळं रंगद्रव्य साठत जातं. अवघ्या काही लाख पेशी, पण हात उचलायचा, पाऊल टाकायचं, तर त्यांच्यावाचून अडतं. कंपवात झालेल्या माणसाच्या मेंदूत ही पट्टी फिकी पडलेली असते. पेशी मेल्या, त्यांच्याबरोबर रंगही गेला. मग हात थरथरतो, चाल मंदावते, चेहऱ्यावर हसू उमटेनासं होतं.

चेतापेशीला जगायला अन्न आणि प्राणवायू तर हवाच. पण तेवढ्यावर भागत नाही, तिला जगवणारं खास प्रथिनही लागतं. ही वाट दाखवली इटलीच्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या बाईंनी. त्या ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांनी विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी तूरिनमध्ये राहत्या घरी, निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यातले गर्भ तपासू लागल्या. बाहेर महायुद्ध पेटलेलं! पुढे अमेरिकेत त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना चेतापेशी जगवणारं, वाढवणारं एक प्रथिन हाती लागलं. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

पण काळ्या पट्टीतल्या पेशींना त्या प्रथिनाचा उपयोग नव्हता. त्यांचा वाली सापडला १९९३ साली, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, बोल्डर गावच्या सिनर्जेन कंपनीत. मेंदूत चेतापेशींच्या शेजारी ग्लिया नावाच्या पेशी असतात. उंदराच्या अशा पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, त्यांच्या भोवतीचं पाणी काढून घेतलं आणि ते डोपामिनच्या पेशींवर घातलं. त्या पेशी तगल्या! त्या पाण्यातून जे प्रथिन वेगळं निघालं, ते जीडीएनएफ. मला यात सगळ्यात भावतं ते हे, की जगवणारी वस्तू शेजाऱ्यानेच पाझरवलेली होती.

पण पेशींच्या पाण्यातून मिळून मिळून किती मिळणार? म्हणून या प्रथिनाचा माणसाचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातला. जिवाणू भराभर वाढतो आणि सांगितलेलं प्रथिन बनवतो. मात्र ते गुंतलेल्या सुतासारखं गोळा होऊन बसतं. ते आधी सोडवायचं, मग हलक्या हाताने पुन्हा नीट घडी घालायची. एकशे चौतीस अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, तरच ते कामाचं. शेवटी वाळवून बोटाएवढ्या कुपीत भरतात. कुपी उजेडात धरली, तर तळाशी जेमतेम पांढरी पापुद्री दिसते, कधी तीही नाही. बशीतल्या पेशींना एका मिलिलीटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश पुरतात.

मग तेच रोग्याला का देत नाहीत? सुई टोचून रक्तात सोडलं, तरी ते मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पक्की चौकी आहे. म्हणून इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी कवटीतून बारीक नळ्या घालून ते थेट मेंदूत पोचवलं. २०१९ साली निकाल आला. मेंदूच्या छायाचित्रांत सुधारणा दिसली, पण चालण्या-हलण्यात मात्र औषध मिळालेल्यांत आणि औषधाविना नुसता द्रव मिळालेल्यांत ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही. माझं मत विचाराल, तर प्रथिन खोटं ठरलेलं नाही. ते योग्य जागी, वेळेवर आणि पुरेसं पोचवणं अजून साधलेलं नाही.

म्हणून कुपीवर आजही लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. आता मेंदूतल्या पेशींनी हे प्रथिन स्वतःच बनवावं, यासाठी त्याचा जनुकच तिथे पोचवण्याच्या चाचण्या रोग्यांवर सुरू झाल्या आहेत.